डालड्याच्या डब्ब्यातलं रशियन झाड

शैलाच्या बाबास,

तुमी रशियातून तुमच्या स्टील प्लांटातल्या नरहरीभाऊंच्या हाती धाडलेल्या, चेस्टनट नावाच्या तिकडच्या झाडाच्या दोन बिया पोचल्या. त्याइले उगवाले थंडी लागते म्हणे. भिलाईत थंडी कुठून आनू? हिवाळाभर माठाखालच्या ओल्या रेतीत पुरून ठेवल्या, अन् मग डालड्याच्या दोन डब्ब्यांत लावल्या.

तुमचं ट्रेनिंग कधी संपते विचारलं, तर नरहरीभाऊ चहा अर्धाच ठेवून उठले. "येईल, वहिनी," एवढंच बोलले. तवापासून तुमचं पत्र नाही. प्लांटात कोनाले विचाराले भेव वाटते. पोस्टमन गल्लीत आला का मी दार लावून घेते.

डब्ब्यात काही उगवेना. बी जिती आहे का सडली, जीव राहेना, म्हणून रोज बोटानं माती उकरून पाहिली. काल एका बीले पांढरं मूळ दिसलं, करंगळीएवढं. माझा हात लागला अन् तुटलं. ते खाली खाली वाढून राहिलं होतं, अन् मी वर कोंब शोधून राहिली होती.

आता एकच डब्बा उरला. त्याच्या मातीले हात लावत नाही, पानी तेवढं घालते.

तुमी येता का नाही, एवढंच विचाराले हे पत्र लिहाले घेतलं होतं. डाकेत टाकत नाही.

तुमची,
रुक्मा