कोर्ट उठेपर्यंत

३ मार्च
आज फार मोठं मन दाखवलं. माझ्या रंगाच्या दुकानासमोर मेहुण्याची गाडी आणि गल्लीतल्या शाळामास्तरांची स्कूटर धडकली. मास्तरांचा पाय मोडला. मेहुणा म्हणतो, गाडी उभीच होती. हो रे, शहाण्या! पोलीस यायच्या आत दुकानाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. बघितलंसुद्धा नाही. बघायचं काय त्यात? हे गाढव गाडी कशी चालवतं, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

५ मार्च
पोलीस माझ्याच मागे! पुरावा नष्ट केला म्हणे. इन्स्पेक्टरला ठणकावून सांगितलं, माझं दुकान, माझा कॅमेरा, मीच पुसलं, काय करायचं ते करा. त्याने शब्दन् शब्द लिहून घेतला. बरं झालं. कोर्टात उपयोगी पडेल.

११ मार्च
वकीलबाई म्हणतात, कबूल करा, माफी मागा, आपल्या छोट्या कोर्टात असली प्रकरणं चुटकीसरशी मिटतात. माफी आणि मी? डोकं फिरलंय बाईंचं. बचावाचं भाषण स्वतः लिहिणार. मेहुण्याने अजून साधं थँक्यू म्हटलेलं नाही. कृतघ्न मेला.

२ एप्रिल
भाषणाची सुरुवात जमली. ‘मायबाप न्यायमूर्ती’ खोडलं, नाटकी वाटत होतं. मग परत घातलं. बायकोला वाचून दाखवलं. मध्येच उठून आत गेली. भारावली असावी.

१९ एप्रिल
घात झाला. पोलिसांच्या कॉम्प्युटरवाल्याने पुसलेलं सगळं परत काढलं. गाडी खरंच उभी होती. मास्तरच मागे बघत बघत येऊन आपटले. मेहुणा सुटला.
म्हणजे मीही सुटलो! गुन्हाच नाही तर लपवलं काय? वकीलबाई म्हणाल्या, तसं नसतं, पुसताना तुमच्या मनात काय होतं ते बघतात.
घरी बायकोने तेच ऐकवलं. माझ्या भावाला तुम्ही वाचवलं नाहीत, न बघताच दोषी धरलंत, म्हणाली. बॅग भरली आणि त्याच्याकडे गेली. जाऊ दे. निकाल लागला की येईल धावत.

६ मे
भाषण खिशात होतं. माझ्या पुढच्या बाकावर बायको आणि मेहुणा. जजसाहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मी ‘मायबाप’ एवढंच म्हणालो. तेवढ्यात बायकोने मागे वळून बघितलं. तोंडातून हो निघून गेलं.
शिक्षा: थोडा दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत इथेच बसून राहायचं. हसूच आलं. ही काय शिक्षा झाली?
निकाल ऐकून ती दोघं उठली. चहाला निघाली असणार. माझ्यासाठीही आणतील, म्हणून शेजारची जागा रुमाल टाकून धरून ठेवली. दिवसभर कोण कोण येऊन भांडून गेलं. रुमाल उचलू दिला नाही कुणाला.
संध्याकाळी जजसाहेब उठले. शिपाई पंखे बंद करत आला. म्हणाला, काका, सुटलात की, आता कुणाची वाट बघताय?
म्हटलं, चहा यायचाय.