वरच्या तीन दातांची जागा

४ मे ७७
बोलता येत नाही म्हणून लिहितो. परवा संध्याकाळी वरातीत कुणीतरी घोडीच्या पायाशीच फटाक्याची माळ लावली. घोडी मागं सरली ती थेट माझ्यावर. क्लॅरोनेट ओठात होतं, तेच आत घुसलं. वरचे समोरचे तीन दात गेले. नवरदेव वरून पडला नाही, एवढं बरं झालं.

ढोलवाल्यानं दात रुमालात बांधून घरी आणून दिले. आईनं रुमाल सोडला, दात स्वच्छ धुतले आणि अंगणात जाऊन पत्र्यावर भिरकावले. लहानपणी माझे दुधाचे दात टाकायची तसेच. म्हणाली, "उंदीरमामा नवं देतोय बघ." पडल्या पडल्या पत्र्यावरचा टणटण आवाज ऐकला. चाळिशी उलटली माझी. हसू आलं, पण तोंड उघडेना.

६ मे
दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे. वयानं लहान, हात मऊ. सुमन माझ्या वतीनं बोलत होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच नवरा मधे बोलत नाही, त्यामुळं जरा खुशीतच होती.

बाईंनी पहिलं विचारलं, "पडलेले दात कुठायत?"
"पत्र्यावर."

बाई म्हणाल्या, दात न घासता, दुधात घालून लगेच पळत आणला असता तर परत त्याच जागी बसवून बघता आला असता. कधी कधी धरतो म्हणे. दूध तर चुलीपाशीच होतं.

आईचा राग आला. लई आला. घरी आलो तर ती माझ्यासाठी पेज गाळत बसलेली. सुमनला कागदावर लिहून दाखवलं, आईला यातलं काही सांगायचं नाही.

१३ मे
दुकान उघडलं. शिलाईला तोंड लागत नाही असं वाटायचं. लागतं. दोन्ही हात कापडात असतात, तेव्हा दोरा दातानंच तुटतो. आज दर वेळी तोंड खाली नेलं आणि दोरा त्या फटीतून नुसता सरकला. गिऱ्हाईक समोर बसून हसू दाबत होतं.

दुपारी मशिनवर मान टाकून डोळा लागला. स्वप्नात तळ्याच्या पाण्यावर उभा राहून वाजवत होतो. सूर एवढा स्वच्छ की पाण्याला तरंगसुद्धा नाही. जागा झालो तेव्हा तोंडात चव होती, क्लॅरोनेटची पत्ती ओठात भिजवल्यावर येते तशी.

३ जून
कवळी बसली. तीन दात, टाळूला चिकटणारा गुलाबी तुकडा. आरशात बघितलं, बरा दिसलो. सुमन म्हणाली, "आता बोला." म्हटलं, काय बोलू? तर म्हणाली, "राहू द्या मग."

दुपारी दार लावून क्लॅरोनेट काढलं. वरचे दात त्याच्यावर टेकवायचे, खालचा ओठ पत्तीखाली, मग फुंक. टेकवले की कवळी उचलते. हवा बाजूनं जाते, सूर फाटतो. खालचे सूर कसेबसे निघाले. वर गेलो की कवळी जिभेवर येऊन बसते.

आई बाहेर ज्वारी निवडत होती. माझा रियाज चालू असला की ती ज्वारीच निवडते. वाजवणं बंद केलं तसा सुपाचा आवाजही थांबला.

२० जून
कवळी मोडली. लग्नाची घाई होती, शेरवानीला काजं करत होतो आणि सवयीनं दोरा दातात धरून हिसडा दिला. मधला दात दोऱ्याबरोबर टेबलावर.

डॉ. बाई रागावल्या. "दुकानात कात्री नाही का?" आहे, बाई. तीन आहेत. सवयीला कात्री कुठली आणू? शेजारच्या दातांना दोऱ्यानं पडलेल्या खाचा त्यांनी आरशात दाखवल्या. ते दोन्ही घोडीच्या धक्क्यानं हलतातही. म्हणून त्यांच्या आधारानं पक्के दात बसवता येणार नाहीत. म्हणजे कवळीच, जन्मभर.

"आणि क्लॅरोनेट?"
बाईंनी हात धुवायला घेतले.

९ जुलै
बँडचे मास्तर आले. ज्यांनी मला बोटं कशी ठेवायची ते शिकवलं ते. दुरुस्त केलेली कवळी घालून वाजवून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मग हळूच म्हणाले, "दत्तू, हवा सब बाजू से जा री रे."

माझ्या जागी मैंदर्गीचा शिवप्पा घेतलाय. चांगला वाजवतो. दातही चांगले आहेत मेल्याचे.

२ ऑगस्ट
डॉ. बाईंनी निरोप पाठवून बोलावलं. परदेशी मासिकात एक चित्र होतं. जबड्याच्या हाडात चीर पाडून धातूचं पातळ पातं आत बसवतात. हिरडीतून त्याची खुंटी वर येते, खुंटीवर दात. काढायचा-घालायचा नाही. इम्प्लांट म्हणतात. मुंबईत एका कॉलेजच्या दवाखान्यात सुरू केलंय, त्यांना शिकायला-शिकवायला रोगी हवेत, त्यामुळं खर्च कॉलेजचा.

म्हटलं, म्हणजे कवळी हा टाचणी लावलेला कपडा, आणि हे शिवलेलं बटण. बाई हसल्या, म्हणाल्या अगदी तसंच. पण कापड दोरा धरणार की नाही हे आधी कळत नाही. हाडानं पातं धरलं तर बरीच वर्षं चालेल. नाही धरलं, पू झाला, तर काढावं लागतं, आणि काढताना हाडही जातं. मग कवळीसुद्धा नीट बसणार नाही. जपून करावं असं त्यांचं मत. करूच नका असं मात्र म्हणाल्या नाहीत.

धातूचं नाव टायटॅनियम. हाड त्याच्यावर रुसत नाही म्हणे. घरी येईपर्यंत तेच नाव घोळवत आलो. रस्ता कुठला होता तेही लक्षात नाही.

११ ऑगस्ट
सुमन आणि आईची कशावरून तरी जुंपली, आणि सुमनच्या तोंडून गेलं. "दात तुम्हीच टाकलेत पत्र्यावर, दुधात ठेवले असते तर बसले असते परत."

आई न्हाणीत जाऊन भांडी घासत राहिली. घासलेलीच भांडी. मला सुमनचा राग यायला हवा होता. आला नाही. सांगितलं ते बरंच झालं असंही वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

१६ ऑगस्ट
आज दुकानात डॉ. बाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "तुमच्या आई काल माझ्याकडे येऊन गेल्या. एकट्याच."

घरी कुणाला पत्ता नाही. आईला दम लागतो, चौकापर्यंत जायचं तरी दोनदा बसते. तेवढं चालत गेली. बाईंच्या खुर्चीत बसून तोंड उघडलं आणि म्हणाली, "हे समोरचं तीन काढा आनि दत्तूला लावा. हाडात दात पुरता ना तुमी? मग हे पुरा. मिश्रीनं काळं झाल्यात, पन हालत न्हाईत. रंग काय, नंतर लावता यील की."

बाईंना आधी हसू आलं. त्यांनी समजावलं, आजी, दुसऱ्याचा दात हाड धरत नाही.
तर आई म्हणाली, "दुसऱ्याचा कुटं? त्येची हाडं माज्याच पोटात झाली की."

बाईंनी आईला चहा पाजला आणि रिक्षात बसवून दिलं. मला सांगताना मधेच चष्मा काढून पुसला. मी मशिनवर पाय ठेवून नुसता बसून राहिलो.

१७ ऑगस्ट
आईला काही विचारलं नाही. तिनंही काही सांगितलं नाही. जेवताना तिनं भाकरी दुधात कुस्करून घेतली. दात धड असताना. माझ्यासमोर कडक भाकरी मोडायची नाही असं ठरवलेलं दिसतंय. मी तिच्या ताटात भाकरीचा पापुद्रा टाकला. बघत राहिली. मग खाल्ला. कुडूम कुडूम आवाज येत होता आणि मला इतकं बरं वाटलं की काय लिहू.

४ सप्टेंबर
ठरवलं. मुंबईला जायचं. हिवाळ्यातली तारीख मिळेल. तोवर तंबाखू बंद, बाईंची अट. चुना-तंबाखू हिरडीत धरून धरून तिथली कातडी मेलीय, म्हणाल्या, जखम भरणार नाही. डबी सुमनच्या हवाली केली. संध्याकाळपर्यंत दोनदा भांडलो तिच्याशी.

२२ सप्टेंबर
तंबाखू नाही, झोप नाही, दिवसाच तंद्री लागते. आज कपडा बेतताना खडूची रेघ ओढता ओढता चाल सुरू झाली डोक्यात. वरात निघतानाची, नवरदेव घोडीवर बसतो तेव्हाची. रेघ कुठं गेली ते कळलंच नाही. गिऱ्हाइकाचा सदरा एका बाजूला ऐसपैस होणार. वाया गेला तर कापड मीच भरून देईन. पण चाल सगळी सापडली, एकही जागा हरवलेली नाही. बोटांना अजून सगळं आठवतंय.

२३ नोव्हेंबर
तुळशीची लग्नं सुरू झाली आणि मास्तर परत आले. "सीजन तो शिवप्पा को दिया मैं. तू झांजा पकड. बाजू में खडा तो रह."

राहिलो. लाल कोट घातला, मीच शिवलेला. झांजा वाजवायला दात लागत नाहीत. शिवप्पा माझ्या शेजारी. वर चढताना तो श्वास मधेच तोडतो. मी तोडत नसे. एका जागी माझ्याकडे बघून म्हणाला, "अण्णा, इथं कसं घेता तुम्ही?" सांगितलं. पुढच्या फेरीला त्यानं तसंच घेतलं, आणि लोक वळून बघायला लागले. छातीत कळ आली. चांगली की वाईट ते ठरवता आलं नाही. घोडी दिसली की मी अजून भिंतीकडं सरकतो.

१४ डिसेंबर, मुंबई
आज झालं. दवाखान्याची लांब खोली, भोवती शिकणारी मुलं-मुली. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "काय वाजवता?" सांगितलं. ते म्हणाले, "आधी सांगून ठेवतो. जेवता येईल, हसता येईल. त्या वाद्याचा भार हे सोसेल की नाही, मी सांगू शकत नाही. आमच्याकडे असा रोगी आलेला नाही." सरळ माणूस. म्हटलं, घाला.

सुई टोचली, हिरडी मेली. मग पातं हाडात बसवायला छोट्या हातोडीचे ठोके. दुखत नव्हतं, पण सगळ्या डोक्यात घुमत होतं. डोळे मिटले. ठोके सारख्या अंतरानं पडत होते, मी मनातल्या मनात मात्रा धरली आणि त्यावर वाजवत राहिलो. पांढरा उजेड होता सगळीकडं. कुणीतरी "झालं" म्हणालं तेव्हा मी अजून अंतऱ्यातच होतो. तसंच परत फिरावं लागलं.

५ जानेवारी ७८, मुंबई
टाके मागंच निघाले. आज खुंटीवर दात चढवले. जिभेला पहिल्यांदा तिथं काहीतरी लागलं आणि जीभच दचकली. सुमन बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आता बोला की." या वेळी बोललो. तिचं नाव घेतलं, नीट, हवा न जाता. ती खिडकीकडं वळली.

१० जानेवारी
सोलापूर. डॉ. बाईंनी तपासलं. हिरडी जरा लाल आहे एका बाजूला. "हे वाईटच असं नाही," म्हणाल्या. "चांगलं आहे असंही म्हणत नाही. बघत राहायचं." घास बाजूच्या दातांनी. दोऱ्याला दात लावायचा नाही. आणि वर्षभर फुंकायचं नाही. हाडाला स्वस्थ बसू द्यायचं. त्यानंतर दाबून बघू, मग ठरवू.

शेवटी वाजवता येईल ना, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. बाईही तो विषय टाळत होत्या.

१६ जानेवारी
सगळं गाव गड्ड्याच्या जत्रेत, दुकानात गिऱ्हाईक नाही. दुपारी घरी आलो. आईचा दम या थंडीत फार वाढलाय. भिंतीला टेकून बसते, आडवं होता येत नाही. सूप मांडीवर होतं, ज्वारी तशीच. हात चालत नव्हते.

मला जवळ बोलावलं. "आ कर." केला. तिनं बोट घालून एकेक दात चाचपला. व्यापारी जसा घोड्याचा बघतो तसा. "गार हाय. पन हालत न्हाय." मग बोट पदराला पुसलं.

"वाजीव की मग."
म्हटलं, "आई, अजून नाही. वर्षभर फुंकायचं नाही, असं सांगितलंय."
"वरीसभर?"
"हो. पुढच्या थंडीपर्यंत. त्यानंतरही जमेलच असं नाही."

तिनं डोळे मिटले. धाप लागत होती, श्वास पुरवून पुरवून घेत होती. मला वाटलं, झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "मंग थांबते की मी."

सूप पुढं ओढलं आणि ज्वारी निवडायला लागली.