येणारीची खाट

प्रिय बडबडे,

पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय, घरी नाही. वर कचेरीचा शिक्का आहे, त्यामुळे शिपाई ते तुझ्याच हातात देईल. स्टाफरूममध्ये कोणी विचारलंच तर सरकारने कसलीशी माहिती मागवलीये म्हण. भाऊ खोटं बोलायला शिकवतो असं म्हणू नकोस. फुटलेल्या बरणीचं खापर मांजरावर फोडायला लहानपणी तूच मला शिकवलं होतंस.

इकडे तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघा थांबला की ती कुरकुरते. माझी गेल्या वर्षी अनुदान विभागात बदली झाली, हे तुला कळवायचं राहिलंच. मारहाणीमुळे घर सोडावं लागलेल्या बायकांसाठी आधारगृहं असतात, ती सरकारी पैशावर चालतात. पैसे मंजूर होण्याआधी तिथे जाऊन तपासणी करायची, हे माझं काम. मला वाटायचं, त्यात काय मोठं? खाटा मोजायच्या, नळाला पाणी आहे का बघायचं, फॉर्म भरायचा.

तुमच्या गावातल्या आधारगृहातही गेलो होतो. तुझ्या घरापासून दोन चौक लांब, तरी तुला न भेटता परतलो. घाई होती, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. तिथल्या संचालिका बाई साठीच्या, चष्मा दोऱ्याने बांधलेला. पाच खाटा. चारांवर बायकामुलांचा पसारा आणि पाचवीवर धुतलेली चादर, टॉवेल, नवा साबण. ही रिकामी का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "ती रिकामी नाही साहेब. ती येणारीची आहे." त्यांचा नियमच तसा. कोणी आली की ती खाट तिला द्यायची, आणि आतल्या एखादीची दुसरीकडे सोय लावून लगेच पुन्हा एक खाट तयार ठेवायची. कारण दारापर्यंत यायला बाईला वर्षं लागतात, आणि जागा नाही हे ऐकून माघारी फिरायला एक मिनिट. मी मान डोलावली, त्यांचा चहा प्यालो आणि फॉर्मवर लिहिलं, चार खाटा वापरात, पाचवीची गरज नाही. फॉर्ममध्ये येणारीसाठी रकाना नव्हता, हे आजवर दहा जणांना सांगून झालंय. शेऱ्यासाठी अर्धं पान कोरं होतं, हे मात्र कोणालाच सांगितलं नाही.

अनुदान चारच खाटांचं आलं. पाचवी खाट काढावी लागली.

गेल्या सोमवारी बाईंचं पत्र कचेरीत आलं. त्यात आदळआपट नव्हती. एक बाई आली होती, चारही खाटा भरलेल्या होत्या, दुसऱ्या गावी सोय होईपर्यंत ती थांबली नाही, एवढंच. नाव तिने सांगितलं नाही. माहेरी कोणी आहे का, असं विचारल्यावर म्हणाली, "एक भाऊ आहे. मागे त्याच्याकडे गेले होते, तर त्यानेच स्कूटरवरून परत आणून सोडलं. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून वाटेत कलिंगड घेतलं."

ते कलिंगड मी घेतलं होतं, बडबडे. तू मागे बसून ते मांडीवर धरलं होतंस, आणि दुखऱ्या हाताबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. भांड्याला भांडं लागायचंच, असं मी वाटभर ऐकवत होतो. वहिनी म्हणत होती, राहू दे तिला. मी तिलाच गप्प केलं. त्यानंतर तुझी बडबड थांबली, आणि मी समजलो, संसारात रमली. मला लाज वाटते. सख्ख्या बहिणीला मी दोनदा दारातून परत पाठवलं, एकदा तोंडाने आणि एकदा पेनाने.

माझा शेरा चुकीचा होता, असं साहेबांना लेखी दिलंय. खाट परत मिळेल की नाही, ते वरच्यांच्या हातात. माझ्या हातात आमची मागची खोली आहे. तिथल्या फायली माळ्यावर टाकल्या, दाराला आतून कडी बसवून घेतली. वहिनीने धुतलेली चादर घातलीये, टॉवेल ठेवलाय, साबण नवा आहे. घराची किल्ली याच पाकिटात आहे, नीट बघ. कधी येणार ते कळवू नकोस, मी काही विचारणार नाही. आणि हो, स्कूटर मी विकून टाकली.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
दादा