रेडिओवरची सरकारी हाक

सोमवार, १ डिसेंबर १९५८
पोचले एकदाची! भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा आणि पुढे टांग्याने उरणच्या मिठागरांपर्यंत. अंगावरचं पातळ खाऱ्या वाऱ्याने पापडासारखं कडक झालं. पण गिरगावातली शाळा सोडल्याचं जराही वाईट वाटलं नाही.

आमचं केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक उंच खांब. गाणी नाहीत, नुसतं बोलणं: मिठाचे भाव, भरती-ओहोटी, शेतीचा सल्ला. दुपारच्या भावांनंतर पाव तास रिकामा जातो, कारण आधीचे निवेदक एकाएकी नोकरी सोडून गेले. तेवढं भोक बुजवायला मला घेतलंय. भोक हा शब्द केंद्रप्रमुख टिपणीससाहेबांचाच. सोमवार ते शुक्रवार मी तिथे काहीतरी हलकंफुलकं बोलायचं.

राहायला सगुणाबाईकडे. एकटी बाई, मिठागरात कामाला जाते. मला 'बाय' म्हणते. रात्री तांदळाची भाकरी आणि निवट्या माशांचं कालवण केलं होतं. समोरच्या चावडीत पंचायतीचा रेडिओ आहे, म्हणजे माझा आवाज थेट तिच्या अंगणात!

बुधवार, ३ डिसेंबर
काल पहिल्यांदा बोलले, लोणच्याला बुरशी का येते त्यावर. आज लहान मुलांच्या खोकल्यावर. माईकची भीती गेली.

घरी येऊन सगुणाबाईला विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, आवाज लय गोड हाय, पन त्या भागोजीला कशाला हाका मारीत होतीस? मला हसू आलं. कोण भागोजी? मी तर खोकल्यावर बोलत होते. रेडिओ घोगरा असेल.

गुरुवार, ४ डिसेंबर
भागोजी सापडला. बाहेरच्या बांधापलीकडे, खाडीच्या चिखलात छातीपर्यंत रुतून मेलेला, तोंड समुद्राकडे. काल दुपारी अर्ध्या जेवणावरून उठला होता. बायको सांगत होती, "ओ, आलो" म्हणाला आणि चालू लागला.

साहेबांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, वरून विचारणा होते, जागा रिकामी राहता कामा नये. आज भाताच्या पेजेवर बोलले. शब्द अडखळत होते.

शुक्रवार, ५ डिसेंबर
मिठागरातली येसूबाई गेली. तसंच. त्याच चिखलात. काल चावडीत सगळ्यांनी ऐकलं, मी तिला हाक मारली म्हणे.

आज माईकसमोर बसले, पण बोलवेना. साहेबांनी काचेवर टकटक केल्यावर समोरचं वर्तमानपत्रच वाचून काढलं.

सगुणाबाईला म्हटलं, लोक जातात तरी का? ती चुलीत फुंकता फुंकता म्हणाली, "बाहेरच्या एका हाकेला ओ देऊ न्हाय, ह्ये बारक्या पोराला पन ठावं हाय, बाय. पन रेडिओवरची हाक सरकारी. सरकारला न्हाय कसं म्हनायचं?"

तिनेच सांगितलं, आधीच्या निवेदकांच्या वेळीही असंच झालं होतं. ते नोकरी सोडून गेले, मग रेडिओ त्या वेळात नुसता घूं-घूं करायचा. कुणी मेलं नाही.

हाक मारणारं जे काही बाहेरचं आहे, त्याला आवाज हवा होता. तो मी आणून दिला.

सोमवार, ८ डिसेंबर
घसा बसल्याचं कळवून केंद्रात गेलेच नाही. चावडीत रेडिओसमोर बसले. भाव संपले. घूं-घूं. हायसं वाटलं —

मग मी बोलले. रेडिओतून. वर्गात मुलांना बोलवायचे त्याच लाडक्या सुरात — धर्मा, ये रे.

मिठागरातला धर्मा माझ्या शेजारीच बसला होता. उठला. मी ओरडले, अरे, मी इथे आहे, ती मी नव्हे! त्याने माझ्याकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं. मग म्हणाला, "ओ."

हात धरला त्याचा. मिठाने फुटलेला, खरखरीत. तरी निसटला.

मंगळवार, ९ डिसेंबर
रेडिओच्या बॅटरीच्या तारा विळ्याने तोडल्या. कुणी अडवलं नाही. साहेब येऊन चौकशीची धमकी देऊन गेले. देऊ देत. दुपार सुनी गेली. धर्माच्या घरचं रडणं तेवढं ऐकू येत होतं.

बुधवार, १० डिसेंबर, दुपार
रेडिओ मेलेला आहे. तरी —

जेवता जेवता माझ्या तोंडातून आलं. सगुणा. मी म्हटलं नाही. तोंडाने म्हटलं.

तांदूळ पाखडताना तिच्या हातातलं सूप तिथेच थांबलं. कोपऱ्यातला काथ्या माझ्याकडे फेकला. मग स्वतःच म्हणाली, "बांध मना. लवकर."

तिला घरातल्या खांबाला बांधलंय. काथ्याने, दुहेरी.

माझ्याच तोंडात पदर कोंबलाय. तरी आवाज — गळ्यातून नाही — किती गोड — माझा कधी इतका गोड नव्हता —

ती रडत होती. आता रडत नाही. ऐकतेय.

म्हणाली — "ओ."

गाठ सुटली. मी सोडली नाही. की सोडली? हातांना काथ्याचा वास —

गेली. बांधावरून. मागे न बघता. माझे पाय उंबरठ्यापुढे जात नाहीत. नुसता हा उजवा हात माझा उरलाय, म्हणून लिहिते — कुणी वाचलंत तर त्या पाव तासाला कुणाला बसवू नका, रिकामाच —

गावातली शाळा सुटली. पोरं इकडूनच येताहेत. हसताहेत.

पदर गळून पडला. तोंड पुन्हा उघ —