थोरली विंगेत
४ मार्च
नायिका धाकटी! आमच्याच नाटक कंपनीवर बोलपट निघतोय. पडद्यामागची धावपळ, भांडणं, गाणी, गंमतजंमत. आणि नायिका कोण, तर जिला सा लावायला मी शिकवलं ती! मला काय? 'रुसलेली बडी नटी'. लोकांना हसवायला.

७ मार्च
माइक फुलदाणीत लपवतात. मी पहिलीच ओळ म्हटली आणि कानांवर काळ्या वाट्या चढवून बसलेला यंत्रवाला जागेवरून उडालाच. "बाई, हळू! शेवटच्या रांगेला नाही, फुलदाणीला सांगा!"
वीस वर्षं त्या शेवटच्या रांगेसाठी घसा फोडला. धाकटीचा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जायचा नाही, तर इथे तोच म्हणे गुण. नशीब एकेकाचं!

८ मार्च
गाण्याचं कडवं संपलं आणि मी सवयीने थांबले — वन्समोअरसाठी! देणार कोण, दिवे धरणारे? फीत वाया गेली. सगळे हसले. धाकटी तेवढी हसली नाही, त्याचाच जास्त राग आला.

११ मार्च
माझं गाणं कापलं. बोलणंही. आता मी रुसलेली आणि मुकीही.

१२ मार्च
आज धाकटीचं मोठं गाणं. मी घरी निघाले होते. तर आडवी आली — "ताई, तू समोर असलीस की माझा सूर लागतो गं. थांब ना." माझं गाणं गिळून ढेकरही दिला नाही, वर हे!
थांबले. दिग्दर्शक म्हणाला, "तिथे विंगेत उभ्या राहा, दिव्यांचा अंदाज घेतो." ती गायला लागली. चांगली गात होती, खोटं कशाला लिहू? अंतऱ्याला आवाज फाटावा, एकदाच फाटावा, असं मनापासून वाटलं. कॅमेरा तिच्यावरच असणार, म्हणून तोंड कसं दिसतंय याची फिकीर केली नाही. फाटला नाही मेला.

२ जून
उद्या पहिला खेळ. डोकं दुखतंय म्हणून टाळणार होते. धाकटी म्हणाली, "तू नाहीस तर मीही नाही." जावं लागणार.

३ जून
तिच्या गाण्याच्या मधोमध पडद्यावर मी! विंगेतली. चेहरा भिंतीएवढा. दिव्यांचा अंदाज कसला, मलाच टिपत होते!
टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईंचा काय अभिनय!"
अंधार झाल्यापासून धाकटीने माझा हात धरला होता. तो तिने हळूच सोडला.