सहा तासांचा नियम

मंगळवार, ३ मार्च
सकाळी लॅबचा कॉम्प्युटर उघडला तर पडद्यावर नुसती लाल चौकट — 'तुमच्या सगळ्या फाइली आमच्या ताब्यात आहेत.' चार वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट, नावं, फोन नंबर. एकही उघडत नाही. दादा म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. गुपचूप नवा कॉम्प्युटर घे." मी नाही ऐकलं. नवा नियम आहे ना — सायबर हल्ला झाला की सहा तासांत सरकारला कळवा. लॅब माझी आहे. मी कळवणार.

बुधवार, ४ मार्च
कळवलं कसलं डोंबलाचं! पोर्टलवर रकाना — 'सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव'. इथे मी, रक्त घेणाऱ्या मावशी आणि एक फ्रिज. माझंच नाव टाकलं, तर म्हणे प्रमाणपत्र जोडा. त्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. शेवटी आज लॅब बंद ठेवून कार्यालय गाठलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, सत्तावीस तास झाले. उशीर केलात."
मी केला?

शुक्रवार, ६ मार्च
मावशी नव्या वहीत हाताने रिपोर्ट लिहितायत. कुणी विचारलं तर सांगते, मशीन बिघडलंय.

सोमवार, ९ मार्च
नोटीस आली. चोराला नाही, मला. कॉम्प्युटर कुणी, कधी उघडला याच्या सहा महिन्यांच्या नोंदी का ठेवल्या नाहीत, खुलासा करा. मोठ्या हॉस्पिटलला जो नियम, तोच मला. त्यांच्याकडे या कामाला अख्खा मजला आहे. हे लिहिणाऱ्याने दोन खोल्यांची लॅब आतून कधी पाहिली तरी आहे का? डोकं नुसतं सणकलंय. 'सांगत होतो' असं दादा म्हणाला नाही, पण तोंडावर तेच. त्याचाही राग आला.

मंगळवार, १० मार्च
वकील म्हणाले, "पेशंटना इतक्यात काही सांगू नका. नियमात तसं बंधन नाही. तुमच्यावरच शेकेल." बरं म्हटलं. खुलाशाची तीन पानं लिहिली. ओळीओळीत माझ्यावरचा अन्याय.

शुक्रवार, १३ मार्च
दुपारी एक शिक्षिका आल्या. लॅब सुरू झाल्यापासून आमच्याकडेच येतात. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. कुणीतरी फोन करून त्यांना त्यांचाच रिपोर्ट वाचून दाखवला — नवऱ्यालाही न सांगितलेला. आता पैसे मागतोय.
"तुम्हाला माहीत होतं?"
दहा दिवस झाले, मी म्हणाले.