खडखडणारी गाडी आणि कंसातला मजकूर

मस्कतपासून चार तास आत,
डोंगरातला कॅम्प
९ नोव्हेंबर १९८६

सौ. मालनवहिनी यांना लहूचा इतक्या लांबून, पण अगदी वाकून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं, त्यावरचा हळदीचा डागही पोचला. तुम्ही ते फोडणी देता देता लिहिलंत हे समजलं आणि बरं वाटलं. धोंडूदादाची पाठ, त्याच्या भाजीच्या हातगाडीचं चाक आणि आपल्या करी रोडच्या चाळीतला दुसऱ्या माळ्यावरचा नळ, तिघांच्याही तब्येतीला उतार पडला असेल अशी आशा करतो. मी ठणठणीत आहे. (वहिनी, नेहमीप्रमाणे पत्र गॅलरीत बसून खणखणीत वाचा, शेजारच्या राधाबाईंनाही बोलवा, पण कंसातलं सगळं मनातल्या मनात. तात्या आत ट्रंकेवर बसून, भिंतीकडे तोंड करून ऐकत असतील आणि ऐकत नाही असं दाखवत असतील. गिरणीच्या संपात मी इकडे निघालो तेव्हा "संप अजून मोडूक नाय, तूच मोडलंस" एवढं म्हणाले, ते शेवटचं. चार वर्षं झाली. बाप असून माझ्या एकाही पत्राला त्यांचं उत्तर नाही.)

तर मुख्य बातमी अशी की मी गाडी घेतली. हसू नका. मी इथे पाण्याच्या पंपांवर फिटर आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. हे पंप डोंगरात गावोगाव विखुरलेले आणि वाट म्हणजे कोरड्या नदीचं पात्र, त्यात एकेक धोंडा आपल्या पाण्याच्या पिंपाएवढा. कंपनीचा ट्रक आठवड्यातून दोनदा येतो. ड्रायव्हरला आमची आठवण झाली तर आम्ही कॅम्पवर, नाहीतर पंपाच्या कुशीत. म्हणून ठरवलं की चारही चाकं ओढणारी, डिझेलवर चालणारी एखादी जुनी गाडी घ्यायची. सोबत शिवा होता. हा आपल्या वरळी कोळीवाड्यातला, पंपावर माझा जोडीदार, लहानपणापासून होडीच्या डिझेल इंजिनाशेजारी झोपलेला, त्यामुळे जगातल्या प्रत्येक यंत्रावर त्याचं मत असतं.

विकणारा सालेम नावाचा म्हातारा. छातीवर दाढी, ओठांवर मिशी, म्हणजे तोंड कुठे आहे ते फक्त जेवताना कळावं. त्याच्याकडे दोन गाड्या. एक पांढरी, चावी फिरवली की मांजरासारखी घुरघुरणारी. दुसरी मातकट, चावी फिरवली तर समोरच्या खजुरावरचे पक्षी उडाले. शिवा पांढरीखाली पालथा झोपून आला आणि म्हणाला, "लहू, गप हाय ती घे रं. बडबडते ती नको." आता सांगा वहिनी, साचेखात्यात दहा वर्षं काढलेल्या माणसाने हे ऐकावं का? आमच्या खात्यात शेकडो माग एकदम चालायचे, कानठळ्या बसायच्या, आणि एखादा गप्प झाला की आम्ही तिकडे धावायचो. गप्प माग म्हणजे बंद माग! जी खडखडते ती जिवंत आहे, हे मी गिरणीत शिकलो. पांढरीच्या त्या शांतपणाचा मला असा संशय आला की मी तिच्याकडे पाठ फिरवली आणि मातकटीचं बोनेट उघडून उभा राहिलो.

इंजिन चालू, त्यामुळे कुणाचंच कुणाला ऐकू येईना. याची मला सवय आहे. मागांच्या आवाजात आम्ही ओठ वाचूनच गप्पा मारायचो. पण सालेमचे ओठ दाढीत बुडालेले, मी वाचणार काय? तेवढ्यात इंजिनातून टक, टक, खण असा एक वेगळाच ठोका आला आणि माझा हात आपोआप मिशीवर गेला. गिरणीतली ही आमच्या खात्याची खूण. दोन बोटं मिशीवरून फिरवली म्हणजे 'माग बिघडलाय, जॉबरला बोलवा'. सालेमला वाटलं, सौदा पसंत पडला म्हणून गिऱ्हाईक मिशीवर ताव देतंय! त्याने माझा हात धरला, मिठी मारली, चावी माझ्या मुठीत कोंबली आणि कॉफी मागवली. कॉफी पोटात गेल्यावर इथे माघार घेता येत नाही. (आमच्या खात्यातले माग दुरुस्त करणारे जॉबर तात्याच होते, हे तुम्हाला सांगायला नको. चार वर्षांनी, समुद्रापलीकडे, माझ्या हाताने त्यांनाच हाक मारली. मला तिथे एकदम भरून आलं. सालेमला वाटलं आनंदाने, म्हणून त्याने आणखी एक मिठी मारली.)

मग पूजा. शिवाने बोनेटला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ मी बंपरवर आपटला, पहिल्यांदा नाही फुटला, दुसऱ्यांदाही नाही, तिसऱ्या वेळी बंपर खाली आला. नारळ शाबूत. तो आम्ही मागच्या सीटवर ठेवला आणि बंपर टपावर बांधला. सालेमने लांबून पाहिलं आणि घाईघाईने घरात निघून गेला.

पहिला तासभर गाडी राणीसारखी चालली, म्हणजे दोन डोंगरांपलीकडच्या शेळ्यांनाही कळत होतं कोण येतंय ते. मग नदीच्या पात्रात मधोमध वाफ सोडून थांबली. आम्ही भर उन्हात दोन तास बसलो, तो नारळ तेवढा कामी आला. शेवटी सुक्या मासळीचा एक ट्रक आला, त्याने दोर लावून आम्हाला कॅम्पपर्यंत ओढलं. माझी गाडी मागे, पुढे मासळी, वारा आमच्या तोंडावर. शिवा डोळे मिटून बसला होता, म्हणाला, "घरी आल्यासारखं वाटतंय." तो वास अजून गाडीत आहे आणि कॅम्पवरचं दुसरं कुणीही तिच्यात बसत नाही.

आता माझं ठाम मत असं आहे की तो टक टक खण आवाज इंजिनाच्या अगदी पोटातून येतो, त्यासाठी अख्खं इंजिन खोलावं लागणार, आणि बाहेरून ऐकून दोष ओळखण्याच्या जुन्या लोकांच्या गोष्टी नुसत्या फुशारक्या होत्या. लाकडी फळी कानाला लावून म्हणे बिघाड सांगायचे! (हे वाक्य दोनदा वाचा. दुसऱ्यांदा जरा दाराच्या दिशेने.)

दादाला नमस्कार, मुलांना पापा, राधाबाईंना सांगा की तिथल्यासारखी गवारीची भाजी इथे स्वप्नातही मिळत नाही.

तुमचा धाकटा दीर,
लहू

ता. क. शिवाच्या घरच्या पार्सलात एक कॅसेट पाठवली आहे, त्याची बहीण गुणवंती ती वरळीहून आणून देईल. कॅसेटमध्ये गाडीचा आवाज भरला आहे. तो धोंडूदादाला ऐकवा आणि बिघाड कशात आहे ते विचारा. यंत्रातलं दादाइतकं आपल्या घरात कुणालाच कळत नाही.

ता. क. २ (हे सगळं कंसातलं. दादाला हातगाडीचं चाकही बसवता येत नाही, हे तात्या जाणतात. वरचं वाक्य ऐकून ते ट्रंकेवरून उठले नाहीत तर माझं नाव बदला. मी पाठवलेल्या टू-इन-वन टेपवरचा विणलेला रुमाल काढा, ते दाराजवळच्या फळीवर ठेवा, आणि कॅसेट भरपूर मोठ्याने लावा. तात्या काहीतरी पुटपुटले की कॅसेट उलटी घाला आणि आवाज भरायचं लाल बटण दाबा. दुसरी बाजू मी कोरी ठेवली आहे. शिव्या दिल्या तरी बंद करू नका, शिव्या तर मुळीच पुसू नका. तुम्ही लिहिलंत की ते अजून पहिल्या पाळीच्या वेळेला कपडे करून गिरणीच्या गेटपर्यंत जाऊन येतात आणि दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. एखाद्या बिघडलेल्या यंत्राशी तरी बोलतील.)

ता. क. ३ (तुम्हाला खोटं सांगणार नाही. गाडी महिन्यापूर्वीच दुरुस्त झाली. डायनामोचा एक नट ढिला होता, तोच वाजत होता, आणि त्यामुळे पट्टा सटकून इंजिन तापत होतं. शिवाने पाच मिनिटांत पाना मारला. आता ती पांढरीसारखीच गप्प चालते. कॅसेटसाठी मी तो नट माझ्या हाताने पुन्हा ढिला केला. तात्यांच्या कानाला हे फसवता येणार नाही, पोराने मुद्दाम केलंय हे त्यांना पहिल्या ठोक्यालाच कळेल. कळू दे. विचारतील तरी, का केलंस म्हणून.)